अनुभव धागा: एम्प्लॉयमेंटचं कार्ड, आयटीआय, अप्रेंटिसशिप... काय काय आठवतंय?

निशिगंधा
भाचा मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा फॉर्म भरत होता. मध्येच विचारतो, "मावशी, रोजगार नोंदणी म्हणजे काय गं?" आता सगळं मोबाइलवर होतं, त्याला काय कल्पना असणार! आमच्या वेळी बारावीचा निकाल लागला की गुणपत्रिकेच्या झेरॉक्स घेऊन सेवायोजन कार्यालयात नाव घालायला रांग. ते कार्ड बाबा एलआयसीच्या कागदांबरोबर कपाटात ठेवायचे, कारण नूतनीकरणाची तारीख चुकली की सिनिऑरिटी गेली. मला कॉल आला तो १९९१च्या जनगणनेच्या हंगामी कामाचा. दिवसभर गठ्ठे सोडा, चिठ्ठ्या लावा, गठ्ठे बांधा. काम संपलं, सगळे घरी. पण पहिला पगार तो पहिला पगार, आईला पातळ घेतलं होतं.
तुमचे अनुभव लिहा. आयटीआय, अप्रेंटिस, रोजगार मेळावे, सगळं चालेल.

बास्टर्ड फाइल
आयडीवरून कळलंच असेल, फिटर. (नवख्यांनो, शिवी नाही, कानशीचा प्रकार आहे.) सुरुवातीला नुसती घासाघीस. एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा घासायचा, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरायचा. फट दिसली की सर मान वर न करता म्हणणार, "घास." मेल-फिमेल जॉब एकमेकांत फिट बसला तेव्हा घरी नेऊन आईला दाखवला. ती म्हणाली, "छान आहे, पण हे करतं काय?"
विद्यावेतन महिना ४० रुपये. कित्येक वर्षं तेवढंच होतं, आत्ता कुठे ५०० केलंय.

तात्या_सांगोलेकर
४० रुपयांत आमचे वडे व्हायचे. आयटीआयच्या गेटसमोरचा गाडा, रस्सा फुकट.

बास्टर्ड फाइल
तात्या रस्सा फुकट म्हणजे गाडा कुठला ते सांगा आधी

हंगामी
इथे कुणी पदवीधर अंशकालीन (सरकारी कार्यालयात मानधनावर अर्धवेळ काम केलेले बेरोजगार पदवीधर) आहे का? तहसीलला महिना ३०० रुपये मानधन, तीन वर्षं. नोंदी, याद्या, निवडणूक आली की मतदार याद्या, कामाला तोटा नव्हता. त्यावर प्रमाणपत्र मिळालं आणि भरतीत १० टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच आमचा वाटा. वयाची अट ५५. त्यामुळे २०२३च्या तलाठी भरतीला मी आणि माझी मुलगी दोघं उमेदवार! परीक्षा संगणकावर, आदल्या रात्री तिने मला माउस धरायला शिकवलं. केंद्रावर गेटवरचा माणूस म्हणतो, "पालकांनी बाहेर थांबा." हॉल तिकीट दाखवलं तेव्हा आत सोडलं.

निशिगंधा
अरे देवा 😂 मग कुणाला जास्त मार्क?

हंगामी
तो विषय घरात काढत नाही.

वऱ्हाडी_वायरमन
आमच्याकडं पोट्टे आयटीआय करत ते एमएसईबीसाठीच. अप्रेंटिस लागली म्हणजे अर्धी नोकरी लागली असं बुढा सांगत फिरे गावभर. वर्ष झालं, सर्टिफिकेट भेटलं, अन् आता काय तर भरतीची वाट पाहा. मी नाही पाहिली बाप्पा. मोटार रिवायंडिंग टाकलं. उन्हाळ्यात कूलरचे पंप अन् रब्बीत विहिरीवरच्या मोटारी, जेवाले टाइम नाही भेटत. पण पोलवर कसं चढाचं, बेल्ट कसा लावाचा, अर्थिंग तपासल्याशिवाय हात नाही लावाचा, हे त्या वर्षातच शिकलो. एक जण अर्थिंग न लावता चढला होता आमच्यातला. जाऊ द्या, सकाळी सकाळी नाही लिहत.

स्मिता_के
😔

शॉपफ्लोअर
नवीन मुलांसाठी लिहून ठेवतो. आयटीआय पास झाल्यावर मिळतं ते एनटीसी. अप्रेंटिसशिप पूर्ण करून शेवटची परीक्षा दिल्यावर मिळतं ते एनएसी. वर्कशॉपला येणारी निम्मी पोरं वर्ष भरलं की परीक्षा न देताच निघून जातात, मग जाहिरातीत एनएसी मागितलं की फोन करतात. दुसरं, १९६१चा अप्रेंटिस कायदा वाचा. त्यात तुम्ही शिकाऊ असता, कामगार नाही, आणि प्रशिक्षणानंतर नोकरी द्यायचं बंधन मालकावर नाही. कंत्राटावर सही करताना हे माहीत असलं की मग रडारड नको.
माझं स्पष्ट मत: लेथसमोर उभं केलं तर विद्यावेतन कमी असलं तरी टिका. नुसतं पॅकिंगला बसवलं तर तक्रार करा.

ग्रॅज्युएट२०२३
मी सध्या निशिगंधाताईंच्या भाच्याच्याच युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, लाडका भाऊ म्हणतात ती. विद्यावेतन महिन्याला बारावीला ६०००, आयटीआय-पदविकेला ८०००, पदवीधरांना १००००. आधी सहा महिने होती, मग अकरा केले. कुठल्या कार्यालयात ते नको. पैसे उशिरा येतात, पण एक्सेल खरंच शिकलो कारण तिथे दुसऱ्या कुणाला येत नाही. साहेब हाक मारतात, "अरे लाडक्या, प्रिंट काढ." बारा महिने झाल्यावर काय हे कुणीच सांगत नाही.

ग्रॅज्युएट२०२३
*अकरा

स्मिता_के
मी टायपिंगवाली. मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४०. रेमिंग्टन टाइपरायटरवर करंगळी अडकायची दोन बटणांच्या मध्ये. परीक्षेला स्वतःचं मशीन रिक्षातून न्यायचं, मांडीवर धरून, खड्डा आला की जीव वर. कुकर लावलाय, बाकीचं नंतर

तात्या_सांगोलेकर
ते मशीन न्यायला हमाल आम्हीच असायचो, इन्स्टिट्यूटच्या बाहेर उभे. पोरी आतून मोजून पैसे द्यायच्या, मोजून!

स्टुटगार्टकर
इथे जर्मनीत आउसबिल्डुंगमध्ये (कंपनीत काम करत शिकायचं प्रशिक्षण) मुलगा आधी कंपनीशी करार करतो, मग आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकी कामावर. पगारही कंपनीच देते. २०२४ला महाराष्ट्राने इथल्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून गावाकडून रोज फोन. सगळ्यांना एकच सांगतो, विमानाचं नंतर बघू, आधी जर्मन भाषेची बी१ पातळी करा.

वऱ्हाडी_वायरमन
तिकडं कूलर रिपेर होतात का भाऊ?

स्टुटगार्टकर
कूलरच नाहीत 😅 हीटरचं बघा.

कोकणातली_कमल
धागा पूर्ण नाही वाचला. माझ्या जुन्या कार्डाचं नूतनीकरण २००९ला राहिलं, आता ऑनलाइन नवीन नोंदणी करू की तेच चालेल?

शॉपफ्लोअर
नवीनच करा. महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलवर, आधारशी मोबाइल जोडलेला हवा.

कोकणातली_कमल
मोबाइल लेकाच्या नावावर आहे, तो बोटीवर.