ज्वारी खाल्ली की शुगरची गोळी सुटते?

वावरवाला (दारव्हा)
रामराम मंडळी. दवाखान्यात शुगर निघाली की जन्मभराची गोळी लावून देतात, हे मला पटत नाही. आपल्या पऱ्हाटीच्या मुलखात पूर्वी दोन्ही सांजेला ज्वारीची भाकर होती. मग सोयाबीन आलं, रानडुकरांनी ज्वारी उभी राहू दिली नाही आणि ताटात राशनचा तांदूळ-गहू आला. रोगाचं मूळ ताटात, तर इलाजही ताटातच हवा. माझ्या साडूनं भाकर, आंबाडीची भाजी अन् कारल्याचा रस धरला, गोळी सोडली. ठणठणीत आहे. ब्रिटनमधल्या २०१७ च्या अभ्यासातही नुसत्या आहारावर जवळपास निम्म्या लोकांचा डायबेटिस वर्षभरात गोळीविना आटोक्यात आला.

उपकेंद्राची सिस्टर
भाऊ, तो अभ्यास पुरता वाचा. ती माणसं जाड होती, रोग सहा वर्षांच्या आतला होता आणि सुरुवातीचे काही महिने देखरेखीखाली दिवसाला साडेआठशे कॅलरीच्या आसपास आहार होता. ज्यांचं वजन १५ किलो उतरलं त्यांना सगळ्यात जास्त गुण आला. आमच्या यादीत रोजानं जाणाऱ्या हडकुळ्या बाया आहेत. त्यांनी कुठलं वजन उतरवायचं?

ज्वारी चांगलीच, तंतू भरपूर. पण १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास पिष्ट तिच्यातही असतं. चार भाकरी खाल्ल्या की साखर चढणारच. साडूची शुगर मोजली का? वाढलेली शुगर दुखत नाही, म्हणूनच भीती वाटते. आमच्या गावात शुगरनं पाय बधिर झालेल्या एका बुढ्याच्या पायात तुरीचं धसकट चप्पल फोडून घुसलं, त्याला पत्ताच नाही. ओसरीवर रक्ताचे ठसे सुनेला दिसले.

मोर्शीची लेक
ताई, तुमी गोळीचं सांगता, पण मायी माय निंदाले गेली होती. सकाळी गोळी घेतली, शिदोरी सोडाले दोन वाजले. घाम फुटला, हात थरथरले, धुऱ्यावरच पडली. बायांनी निंबू उतरवलं. जेवणाचा टाइम ज्याच्या हातात नाही, त्याले गोळी देतानी कोणी विचारते का? म्या तं बंदच करून टाकली.

उपकेंद्राची सिस्टर
तुमचा राग खरा आहे. हे विचारायलाच हवं आणि पुष्कळ ठिकाणी विचारत नाहीत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी साखर फार खाली ओढू शकते, एकटी मेटफॉर्मिन सहसा तसं करत नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, माय दुपारपर्यंत निंदण करते. गोळी बदलून घ्या, पण आपल्या मनानं सोडू नका. पदराला साखर बांधून द्या. थरथर सुटली किंवा ७० च्या खाली गेलं की तीन चमचे पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग भाकर. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, सरळ दवाखाना.

धानवाला (आरमोरी)
तुमचं ज्वारीवर चाललंय, आमच्याकडे धानाशिवाय काय आहे? भात सोडा म्हणणारा डॉक्टर आमच्या कामाचा नाही. भात निम्मा, वरण अन् पालेभाजी दुप्पट, एवढं जमते.

दुसरं, आमच्या भागात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा पिढीजात आजार, पुष्कळ. ज्याच्या रक्तात ते आहे त्याची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, फसवू शकते. साखर जास्त असूनही आकडा कमी येतो. तपासणीआधी सिकलसेल असल्याचं सांगा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची, दोन्ही शुगर बघा.

वावरवाला (दारव्हा)
सिकलसेलचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलं. पण ताटावरचं माझं मत मी सोडत नाही. साडूला आणतो मोजायला. उपाशीपोटीची १२६ च्या आत आली, तर गोळी कशाला?

उपकेंद्राची सिस्टर
१२६ हा रोग ठरवायचा आकडा आहे, इलाज थांबवायचा नाही. सोमवारी सकाळी आणा, चहासुद्धा देऊ नका. मग जेवून दोन तासांनी पुन्हा बघू. पायही दाखवायला सांगा.