'हाऊस ऑफ लीव्हज' वाचताना तुम्हाला भीती नेमकी कुठे वाटली?

भुताच्या वाड्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलोय. विहीर, पिंपळ, बंद खोली आणि शेवटी कोणाचा तरी अतृप्त आत्मा. मार्क डॅनिएलेव्स्कीच्या या २००० सालच्या कादंबरीत यातलं काहीच नाही. व्हर्जिनियातल्या एका साध्या घरात विल नेव्हिडसन हा फोटोग्राफर त्याची जोडीदार करेन आणि दोन मुलांना घेऊन राहायला येतो आणि माप घेताना कळतं की घर आतून बाहेरपेक्षा पाव इंचाने मोठं भरतंय. मग हॉलच्या भिंतीत एक काळा पॅसेज उघडतो. बस, तिथून पुढे धरायला काही उरत नाही. आणि हेही थेट सांगितलेलं नाही, या घरावरच्या फिल्मबद्दल झॅम्पानो नावाच्या आंधळ्या म्हाताऱ्याने लिहिलेले कागद, त्यावर टॅटूच्या दुकानात काम करणाऱ्या जॉनीच्या तळटिपा, आणि ती फिल्म तर जॉनीला कुठे सापडतच नाही. मी मे महिन्यात वाचलं, दुपारी कूलर लावून, खिडकीला वाळ्याची ताटी. मला गोष्टीपेक्षा पानं उलटताना जास्त भीती वाटली. तुमचं कसं झालं, सविस्तर लिहा.

*

ताई, मी सिव्हिलवाला माणूस, मला तर त्या पाव इंचानेच पकडलं. पाव इंच म्हणजे साडेसहा मिलिमीटरच्या आसपास, आमच्याकडे प्लास्टरमधे एवढा फरक सहज जातो, कोणी विचारत पण नाही. पण आत कमी भरलं तर समजू शकतो ना, भिंत जाड झाली, कोपरा गुण्यात नाही. आत जास्त कसं भरेल? नेव्हिडसन पण हेच करतो, टेप बदलतो, भावाला बोलावतो, मग इंजिनिअर मित्राला, चांगली यंत्रं आणतो, आणि फरक काही जात नाही. ते वाचलं तेव्हा मी साईटवर होतो, जेवणाच्या सुट्टीत, आणि समोरच्या अर्धवट खोलीत टेप घेऊन गेलो, आतून माप घेतलं, दोन्हीकडच्या भिंतींची जाडी मिळवली, मग बाहेरून. बरोबर आलं. तरी परत घेतलं. एवढ्या भुताच्या गोष्टी वाचल्या पण मोजायला लावणारी हीच.

*

मी नागपूरच्या मेट्रोत वाचायचो, लोकमान्य नगर ते बर्डी. नवव्या प्रकरणात मजकूर आडवा होतो, उलटा होतो, मधेच निळी चौकट आणि मागच्या पानावर तीच चौकट आरशातल्यासारखी उलट्या अक्षरांत. पुस्तक फिरवून फिरवून वाचून राहिलो होतो तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "बेटा, उलटं छापलं काय?" मी त्यांना ते पान दाखवलं. त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं, पान पलटून मागे पाहिलं आणि विचारलं, "मग यातून बाहेर कुठून पडायचं?" मला त्या प्रकरणाबद्दल याहून बरोबर काही सांगता येणार नाही. पुढे त्या काळ्या पॅसेजमधे अडकलेल्या लोकांना शोधायला नेव्हिडसन आणि इतर जण आत शिरतात तिथे पानावर चार-दोन शब्दच, त्यामुळे आपोआप भराभर पलटतो आपण, धाप लागते अक्षरशः.

*

मला जॉनीच्या आईच्या पत्रांनी रडवलं. तळटिपेत संपादक मधेच सुचवतात की परिशिष्टातली पत्रं आत्ताच वाचून घ्या, मी तिथेच गेले आणि ते फार बरं झालं, कारण नंतर जॉनीचं सगळं भरकटणं वेगळंच दिसायला लागलं. ती मनोरुग्णालयातून लिहिते. एक पत्र तर असं की वाचून काहीच अर्थ लागत नाही, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घेतलं की खरं पत्र मिळतं. मी पेन्सिल घेऊन रात्री बसले आणि एकेक अक्षर उतरवत गेले, स्वतःच्या हाताने लिहिल्यामुळे ते वाचणं सोपं नव्हतं. माझ्या मावशीचा बराच काळ अशा ठिकाणी गेलाय, तिची पत्रं आईच्या कपाटात आहेत. जॉनीची आई हुशार, प्रेमळ आणि भयंकर त्रासात, तिन्ही एकदमच, हे या लेखकाला कळलंय.

*

मी अर्ध्यात सोडलं. जॉनीचं दारू, पोरी, परत दारू, फार ताणलंय. घराचा भाग मात्र जबरदस्त.

*

भाऊ, सोडू नका ना! पुढे नेव्हिडसन एकटा आत जातो, उजेडाला फक्त काड्या उरतात आणि जवळचं पुस्तक वाचायला तो त्याचीच पानं एकेक करून जाळतो. आणि ते पुस्तक कोणतं तर 'हाऊस ऑफ लीव्हज'! मी तिथे हातातलं पुस्तक पालथं ठेवलं आणि आईजवळ स्वयंपाकघरात जाऊन बसले.

*

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी मोबाईलवर नका वाचू, कागदावरच घ्या, आणि रंगीत आवृत्ती मिळाली तर उत्तम, 'हाऊस' शब्द सगळीकडे निळा असतो त्यात. दोन खुणा ठेवा, एक मजकुरात, एक परिशिष्टात. धरमपेठेत कोणाला हवी असेल तर माझी प्रत देतो, पेन्सिलने लिहिलंय समासात, तेवढं खोडू नका.