मदत हवी आहे : मधुमेही बोक्याच्या छातीत पाणी झालंय, इन्सुलिन आणि हृदयाच्या गोळ्यांचा मेळ कसा घालायचा?

अंबाजोगाईकर

बोका, खच्ची केलेला, वय ११, वजन ५ किलो. सात महिन्यांपासून मधुमेह. ग्लार्जिन इन्सुलिन २ युनिट, सकाळी ७ आणि संध्याकाळी ७. चार दिवसांपूर्वी तोंड उघडून धापा टाकायला लागला. संभाजीनगरला नेऊन छातीतून १४० मिली पाणी काढलं. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या खालच्या कप्प्याची भिंत ७ मिमी जाड आणि वरचा कप्पा फुगलेला दिसला. औषधं : फ्रुसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारी गोळी) ४० मिग्रॅची पाव गोळी दिवसातून दोनदा, क्लोपिडोग्रेल (रक्ताची गाठ होऊ न देणारी) ७५ मिग्रॅची पाव गोळी एकदा.

आज सकाळी साखर ३१२, संध्याकाळी २६८. पाणी भसाभसा पितोय, ट्रे दिवसातून तीनदा बदलावा लागतोय, म्हणून इन्सुलिन ३ युनिट करावं का? इथले एक डॉक्टर म्हणतात अंग सुकलंय, कातडीखाली १०० मिली सलाईन देऊ. क्लोपिडोग्रेल दिलं की तोंडाला फेस येतो. आणि जेवला नाही तर सुई द्यायची की नाही? दर वेळी संभाजीनगर गाठणं जमणार नाही.

बालाघाट

सलाईन आधी थांबवा, बाकीचं नंतर. पाण्याची गोळी जे पाणी अंगातून बाहेर काढतेय तेच सुईने परत आत जाईल आणि दुबळं हृदय ते फुप्फुसात किंवा छातीत सांडेल. चिमटीत धरलेली कातडी हळू बसते म्हणून ‘अंग सुकलं’ म्हणत असतील, तर अकरा वर्षांच्या रोडावलेल्या बोक्याची कातडी तशीही हळूच बसते. इकोचा कागद त्यांच्यासमोर ठेवा. खरंच पाणी कमी पडलं असेल तर ते रक्तात दिसेल : क्रिएटिनिन, युरिया, सोडियम, पोटॅशियम. फ्रुसेमाइड सुरू झाल्यापासून साधारण आठवड्याच्या आत ही तपासणी करायचीच असते, आणि डोस बदलला की पुन्हा. पिण्याचं पाणी मात्र कधीही तोडू नका. दोन-तीन भांडी भरून ठेवा.

आता ३ युनिटचं. नको. आतापर्यंत तहान आणि लघवीवरून साखरेचा अंदाज येत होता, तो काटा आता मोडला. फ्रुसेमाइडवर असलेलं मांजर साखर नीट असली तरी भरपूर पिणार आणि भरपूर मुतणार. ट्रेकडे बघून इन्सुलिन वाढवलं तर साखर कोसळेल. शिवाय दवाखाना, प्रवास, छातीत सुई या ताणानेच मांजराची साखर चढते. हा आठवडा २५०-३०० च्या आसपास गेला तर फारसं बिघडत नाही, ५० पर्यंत उतरली तर जिवावर बेतेल. श्वास आणि जेवण आठवडाभर स्थिर राहू द्या, मग एक दिवस दर दोन तासांनी साखर मोजून बारा तासांचा आलेख काढा. सर्वांत खालचा आकडा ८० ते १५० मध्ये यावा. डोस त्या आकड्यावरून ठरतो, सकाळच्या ३१२ वरून नाही. मीटर माणसांचा असेल तर तो मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, तेव्हा मीटर मध्येच बदलू नका.

सुईदोरा

सिरिंज कोणती वापरता? ग्लार्जिन १०० युनिट प्रति मिली असतं, त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज. आपल्याकडे मेडिकलवाला ‘इन्सुलिनची सुई द्या’ म्हटलं की लाल टोपणाची ४० युनिटवाली सर्रास हातात ठेवतो. त्या सिरिंजवर २ च्या खुणेपर्यंत भरलं की ०.०५ मिली येतं, म्हणजे ग्लार्जिनचे ५ युनिट. घरातलं दुसरं कोणी सुई देणार असेल तर लाल सिरिंज घरात ठेवूच नका. ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मिळाली तर उत्तम, कारण पुढे वाढ-घट अर्ध्या-अर्ध्या युनिटनेच होईल.

फेस कडूपणामुळे येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. क्लोपिडोग्रेलची पाव गोळी आणि फ्रुसेमाइडची पाव गोळी ४ नंबरच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये एकत्र भरा. बाहेरून तुपाचं बोट फिरवा, जिभेच्या मुळाशी ठेवा आणि लगेच सिरिंजने गालाच्या बाजूने ३-४ मिली पाणी हळूहळू पाजा. पाणी टाळू नका, मांजराच्या अन्ननलिकेत कॅप्सूल अडकून बसते आणि तिथे जखम होते. भरताना हात कोरडे ठेवा. गोळीची पूड बाहेर लागली तर पुन्हा फेस. क्लोपिडोग्रेल म्हणून बंद करू नका, फुगलेल्या कप्प्यात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ते आहे.

कोंडवाडा

माणसांत साखर आणि हृदय दोन्हींना डापाग्लिफ्लोझिन देतात ना? घरात कोणाची गोळी असेल तर तिचा तुकडा चालेल का?

बालाघाट

@कोंडवाडा, नाही. त्या कुळातली मांजरांसाठीची औषधं निघाली आहेत, अमेरिकेत बेक्साग्लिफ्लोझिनला २०२२ मध्ये आणि व्हेलाग्लिफ्लोझिनला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण आधीपासून इन्सुलिनवर असलेल्या मांजराला ती देऊ नयेत असा इशारा त्यांच्यासोबतच आहे. साखर लघवीतून बाहेर पडत राहते, मीटरवर आकडा छान दिसतो आणि आत कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) साचत जातात. त्यात ही गोळी लघवीही वाढवते, फ्रुसेमाइडच्या जोडीला.

घरगुती इलाजांचंच निघालंय म्हणून : पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा. आणि खाज, सर्दी, भूक कशासाठीही कोणी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ लागलं तर हात धरा. साखर चढते आणि हृदयावरचा भारही.

अंबाजोगाईकर

सिरिंज तपासली, नारिंगीच आहे. सलाईनला नाही म्हणून कळवलं. जेवणाचं आणि श्वासाचं सांगा. काल झोपेत मिनिटाला ३४ श्वास मोजले. मागचे पाय थोडे टेकवून चालतो, ते काय?

बालाघाट

३४ कसे मोजले? गाढ झोपेत, घुरघुर चालू नसताना, छाती वर जाऊन खाली आली की एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ४० अंशांत मोजलेला आकडा धरू नका, पहाटे किंवा कूलरजवळ गार झाल्यावर मोजा. रोज दोनदा मोजून साखरेच्याच वहीत शेजारच्या रकान्यात लिहा. ३० च्या आत असेल तर ठीक. गारव्यात, झोपेत सलग दोनदा ३० च्या वर आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ४० च्या वर, किंवा तोंड उघडून श्वास, किंवा कोपरं बाहेर काढून मान ताणून बसणं, हे रात्री दोनलाही निघण्याचं कारण. अशा वेळी जास्तीची किती गोळी द्यायची ते संभाजीनगरच्या डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या. ऐन वेळी फोन लागत नाही.

दर वेळी संभाजीनगर कशाला? परळी-गंगाखेडवरून परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल, लातूरवरून उदगीरचंही आहे. छातीतलं पाणी काढायची सोय कोणत्या वेळेत असते ते आधी विचारून ठेवा. उन्हाळ्यात पहाटेच निघा. पिंजऱ्यावर ओलं कापड टाका, पण चारही बाजू झाकू नका.

सुईदोरा

जेवणाचं. सुईच्या वेळी आधी साखर, मग जेवण, मग सुई. ताटली पुसून खाल्ली आणि साखर २५० च्या वर, तर पूर्ण २ युनिट. अर्धंच खाल्लं तर १ युनिट. काहीच खाल्लं नाही किंवा साखर १५० च्या खाली, तर ती सुई राहू द्या, दोन-तीन तासांनी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना कळवा. अधल्यामधल्या आकड्यांचं तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पण सलग दोन सुया चुकल्या तर लघवीत कीटोनची पट्टी बुडवा. रंग बदलला तर घरी थांबायचं नाही. फ्रुसेमाइड जेवणावर अवलंबून नाही, मात्र खाणं-पिणं दोन्ही बंद असेल तर तीही विचारूनच.

साखर ६० च्या खाली किंवा झोकांड्या जात असतील तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी चोळा. घशात ओतू नका.

दूध-पोळी, दूध-भात बंद, आणि सुकटही. एकात साखर, दुसऱ्यात मीठ. कांदा-लसणाचा रस्सा तर मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. बिनमिठाची उकडलेली कोंबडी भूक लावायला चालते, ती उकडलेलं पाणीही त्यावर घाला, टॉरिन (मांजराच्या हृदयाला लागणारा घटक) त्यातच उतरतं. पण रोजचं पूर्ण अन्न म्हणून ती पुरत नाही. कोरड्या दाण्यांवरून ओल्या, कमी पिष्टाच्या अन्नावर न्यायचं आहेच, फक्त या आठवड्यात नको. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते आणि तुमचं लक्ष सध्या श्वासाकडे आहे.

बालाघाट

मागच्या पायांचं राहिलं. महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू टाचा टेकू लागल्या असतील, पंजे कोमट असतील आणि दुखत नसेल, तर ते मधुमेहाने नसा दुबळ्या झाल्याचं लक्षण. साखर आटोक्यात आली की बऱ्याचदा सुधारतं. मान खाली पडत असेल तर पोटॅशियम बघा, फ्रुसेमाइड आणि मधुमेह दोघंही ते लघवीतून घालवतात. पण क्षणात पाय लुळे, पंजे गार, नखांखालचा भाग निळसर आणि जिवाच्या आकांताने ओरडणं, म्हणजे हृदयातली रक्ताची गाठ सुटून मागच्या पायांच्या धमनीत अडकली. तेव्हा तेल चोळत, शेकत बसू नका, गाडी काढा.

रक्त काढतील तेव्हा थायरॉइडचा टी-४ ही सांगा, या वयात तो वाढला की हृदय आणि वजन दोन्ही बिघडतं. पुढे इन्सुलिन वाढवूनही साखर हलेना, वजन उलट वाढायला लागलं, तर आयजीएफ-१ तपासायला सांगा. वाढीचं संप्रेरक जास्त झालं तर मधुमेह आणि जाड हृदय एकाच मुळातून येतात.

अंबाजोगाईकर

टाचा दिवाळीपासूनच टेकतोय, पंजे कोमट आहेत. आज पहाटे साडेपाचला झोपेत २६. दुपारी वीज चार-चार तास जाते, इन्सुलिनचं काय करू?

सुईदोरा

फ्रिज सारखा उघडू नका, चार तास गारवा टिकतो. जास्त वेळ गेली तर कुपी कोरड्या डबीत बंद करून माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळा, ३० अंशांच्या आत राहिली पाहिजे. बर्फाला टेकवू नका, गोठलेलं ग्लार्जिन टाकूनच द्यावं लागतं. गढूळ दिसलं तरी टाका. उघडल्याची तारीख कुपीवर लिहा, २८ दिवसांनी नवी.