सेरोटोनिनचा सिद्धांत पडला, म्हणून गोळी बंद?

निर्भीड_मत: ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मॉन्क्रीफ यांचा 2022 चा आढावा वाचा. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी पडल्याने नैराश्य येतं याला भक्कम पुरावा नाही. मग ते वाढवणाऱ्या गोळ्या कशाला? ज्यांच्या चालू असतील त्यांनी उद्यापासून बंद कराव्यात.

चिठ्ठी_वाचक: शेवटचं वाक्य आधी काढा. पॅरोक्सेटीन किंवा व्हेन्लाफॅक्सीनसारखं नैराश्यावरचं औषध एकदम तोडलं तर दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके सुरू होतात आणि घरचे म्हणतात, आजार उलटला. त्या आढाव्याने गोळी लागू पडते का हे तपासलंच नव्हतं. स्टिरॉइडने दमा आटोक्यात येतो, म्हणून दमा स्टिरॉइडच्या कमतरतेने होतो का? संशोधक चिप्रियानी यांचं 2018 चं विश्लेषण बघा: 522 चाचण्या, नैराश्यावरची 21 औषधं, सगळी प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस.

निर्भीड_मत: सरस, पण किती? संशोधक कर्श यांनी 2008 मध्ये काढलेला फरक, नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टन मापनावर, 1.8 गुण. नुसती झोप सुधारली तरी एवढे गुण हलतात. याला उपचार म्हणायचं?

चिठ्ठी_वाचक: सरासरी फरक लहान आहे, हे मान्य करावंच लागेल. पण त्याच अभ्यासात तीव्र नैराश्यात फरक वाढलेला दिसतो, ते का गाळलंत? सौम्य नैराश्यात आधी समुपदेशन, हे ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

सांजवेळ: आणि चिंतेचं काय? ब्रिटनमधल्या सर्ट्रालीन या नैराश्यावरच्या औषधाच्या 2019 च्या चाचणीत सहा आठवड्यांनी नैराश्यात ठोस फरक नव्हता, चिंता मात्र कमी झाली होती.

दोन_टोकं: आकडे पुरे. आपल्याकडचा खरा घोळ नैराश्यावरचं एस्सिटालोप्रॅम 10 मिलिग्रॅम आणि लगेच शांत करणारं, झोप आणणारं क्लोनाझेपाम 0.5 मिलिग्रॅम एकाच गोळीत देण्याचा आहे. पहिल्याच रात्री झोप लागते ती क्लोनाझेपामने. एस्सिटालोप्रॅमला चार-सहा आठवडे लागतात. रुग्णाला वाटतं, गोळी लागू पडली. वर्षभराने तो ती सोडतो आणि दोन्ही औषधं एका दिवशी तुटतात.

सांजवेळ: हे अर्धवट आहे! सुरुवातीच्या पंधरवड्यात अस्वस्थता वाढते, धडधडतं. तेव्हा क्लोनाझेपाम दिलं नाही तर माणूस आठव्या दिवशी गोळ्या फेकून देतो.

दोन_टोकं: द्या ना! पण वेगळी गोळी म्हणून, दोन ते चार आठवड्यांची मुदत घालून. एकाच गोळीत असेल तर क्लोनाझेपाम आधी उतरवणार कसं? गोळी अर्धी केली की दोन्ही अर्धी होतात. चिठ्ठीवर दोन ओळी लिहायला एवढा कंटाळा?

सांजवेळ: वेगळं लिहावं, एवढं पटतं. सरसकट डॉक्टरांना दोष देणं पटत नाही.

निर्भीड_मत: 'उद्यापासून बंद' काढलं. घाईत लिहिलं होतं. पण सोडणं इतकं अवघड आहे, हे सुरू करताना किती जणांना सांगतात?

चिठ्ठी_वाचक: फार थोड्यांना, आणि तो राग योग्य आहे. सोडताना चुकतं ते शेवटच्या टप्प्यात. सिटालोप्रॅम या नैराश्यावरच्या औषधाच्या 20 मिलिग्रॅमला सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर (सेरोटोनिन पेशीत परत खेचणारं प्रथिन) सुमारे 80 टक्के अडतो, 9 ला तरीही 70 टक्के. म्हणजे 20 वरून 10 वर येणं सोपं, पण 5 वरून शून्य ही सगळ्यात मोठी उडी. दिवसाआड घेऊन ती टळत नाही, रक्तातली पातळी नुसती वरखाली होते. 5 च्या खालीही पायऱ्या लागतात, प्रत्येकीला दोन ते चार आठवडे, आणि त्या डॉक्टरांनीच आखून द्यायच्या.