किराण्याला साडेचार हजार, अन् बिनफवारणीची डाळ पाह्यजे

प्रश्न : समुद्रपूरकडची

नमस्कार मंडळी. गाव समुद्रपूर तालुक्यात, वर्धा जिल्हा. मिस्टर जिनिंगमध्ये, मी अंगणवाडीत मदतनीस. घरात पाच माणसं. सासूबाईंना शुगर, त्यांना ज्वारी खाऊ घाला म्हणते जो तो. पोरगी दोन वर्षांची. किराण्याला महिन्याचे साडेचार हजार, वर एक रुपया निघत नाही.

मागच्या महिन्यात वर्ध्याहून सेंद्रिय तूरडाळीचं पाकीट आणलं, किलोला 240. सासूबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं अन् म्हणाल्या, "मायबाई, तुरीच्या गावात राहून तूर पाकिटातली आणली?"

त्यांचंही चुकलं नाही. आमच्या मागच्या भिंतीला लागूनच वावर आहे, कपाशीत तूर. पण फवारणीचा पंप सुरू झाला की मी पोरीचे कपडे दोरीवरून काढून आत आणते, इतका वास येते. कपाशीवरचं औषध मधल्या तासातल्या तुरीवर पडत नसन का? वरून फुलावर अळीसाठी वेगळी फवारणी. मंग गावातली तूर कोणत्या भरवशावर घ्यावी?

उत्तर : दोन एकरवाला

ताई, पडते ना. माझीही तूर पहिले कपाशीतच होती. 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणी करता करता वीसच्या वर माणसं गेली, तेव्हा घरच्यांनी पंपाला हात लावू दिला नाही. आता तूर वेगळी पेरतो, दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) अन् निंबोळी अर्कावर. उतारा कमी येते, खोटं कायले बोलू.

पाकिटावर 'जैविक भारत'चा, म्हणजे सेंद्रिय मालाचा सरकारी शिक्का पाहा. पीजीएसचं, म्हणजे शेतकरी गटाच्या तपासणीचं, प्रमाणपत्र असन तर 'ग्रीन' म्हणजे वावर अजून बदलात आहे, 'ऑरगॅनिक' म्हणजे पूर्ण झालं. पीजीएसमध्ये पाच-सात शेतकऱ्यांचा गट एकमेकांचं वावर तपासते. लहान शेतकरी थेट घरी विकत असन तर त्याले शिक्क्याची सक्ती नाही. तिथं तुम्हीच तपासनीस. डिसेंबरात वावरात जा, पानं पाहा. एकही पान कुरतडलेलं नसन तर फवारलं आहे समजून घ्या.

अन् डाळ घेऊ नका, तूर घ्या. आत्ता जानेवारीत, घरूनच. 20 किलो तुरीची 13-14 किलो डाळ निघते. किलोला 75 धरले तर 1500, भरडाई 100. डाळ पडली 115 ते 123 ला.

उत्तर : मोर्शीची मावशी

भाजीचं कोणी बोललंच नाही! पोरी, फुलकोबी, वांगी, मिरची यांच्यावर सगळ्यात जास्त मारा असते. मिठाच्या पाण्यात बुडवून वरवरचं निघते, झाडात भिनलेलं निघत नाही. त्यापेक्षा अंबाडी, कोहळं, चिवळ, हरभऱ्याची भाजी घे. बाजारात ज्या बाईपुढं दोनच ढीग असतात तिच्याकडून घे, ते परसातलं असते. पावसाळ्यात तरोटा (टाकळा) अन् कटुले (कर्टुली). तरोटा तर फुकट, फक्त कोवळा असताना खुडायचा. रस्त्याच्या कडेचा अन् कपाशीच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) मात्र नको.

हळद तुझ्याच तालुक्यातली, वायगावची. गाठी घे, दळून आण. जवस घरी भाजून चटणी कर.

उत्तर : स्पष्टवक्ता

हे सगळं ठीक, पण एकदम 1600 रुपये आणायचे कुठून? गरिबाची खरी अडचण हीच. किलो-किलो घेतो म्हणून महाग घेतो. अन् ज्वारी खा म्हणणाऱ्यांनो, रानडुकरं आल्यापासून आमच्याकडं ज्वारी पेरते कोण?

प्रश्नकर्ती : समुद्रपूरकडची

दादा, पैशाचं तुमचं बरोबर आहे. आमच्या बचत गटात विषय काढला. चौघीजणी निघालो, चारशे-चारशे टाकले. पलीकडच्या गावात एकाची सलग, कपाशी नसलेली तूर सापडली. पानं चांगलीच कुरतडलेली होती बरं का! वीस किलो घेतली. ज्वारीचं काही जमलं नाही, ती दुकानातलीच.

भरडाईचे शंभर मात्र वाचले. सासूबाईंनी तूर रात्रभर भिजवून आता माळवदावर टाकली आहे, चार दिवस ऊन दाखवणार म्हणतात. गोठ्यातलं जातं काढून धुतलं. खुंटा ढिला आहे, तो मिस्टर रविवारी ठोकून देतील.