रॉन बरासीनं १९६४ साली मेलबर्न क्लब सोडला, ते बरोबर होतं का?

यारातीर
फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, मनापासून बघणाऱ्यांसाठी हा धागा. रॉन बरासी सप्टेंबर २०२३ मध्ये, ८७ व्या वर्षी गेला. खेळाडू म्हणून सहा विजेतेपदं, कोच म्हणून चार. त्याच्या थोरवीबद्दल कुणी भांडत नाही. भांडण होतं ते एकाच निर्णयावरून. १९६४ ची ग्रँड फायनल, म्हणजे लीगची अंतिम लढत, त्यानं मेलबर्नचा कॅप्टन म्हणून जिंकली, कॉलिंगवूडला चार गुणांनी हरवून. पुढच्या हंगामात तो कार्लटनचा कॅप्टन-कोच होता.

माझ्या मते त्यानं योग्य केलं. वय २८, कोच व्हायची ओढ, आणि मेलबर्नच्या कोचपदावर सहा विजेतेपदं मिळवून दिलेला नॉर्म स्मिथ. तिथं जागा कधी रिकामी होणार होती? १९४७ नंतर विजेतेपद न पाहिलेल्या कार्लटनला त्यानं १९६८ आणि १९७० मध्ये जिंकवलं. मग नॉर्थ मेलबर्न. १९२५ पासून लीगमध्ये असलेल्या त्या क्लबचं पहिलंवहिलं विजेतेपद १९७५ मध्ये बरासीच्या हाताखाली आलं, दुसरं १९७७ मध्ये.

लाल-निळा
साफ असहमत. आकडे सगळे नंतरचे आहेत. आधीचंही बघा.

त्याचे वडील मेलबर्नच्या १९४० च्या विजेत्या संघात होते. १९४१ मध्ये ते तोब्रुकला लढाईत मारले गेले. पोरगं तेव्हा पाच वर्षांचं. पुढे आई टास्मानियाला गेली तेव्हा नॉर्म स्मिथनं त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्या काळी खेळाडू राहत्या भागाच्या क्लबला बांधलेला असे. या मुलाला वडिलांच्या क्लबकडून खेळता यावं म्हणून मेलबर्ननं खटपट केली, आणि वडिलांच्या क्लबकडून मुलाला खेळू देणारा नियम आला. वडिलांचाच ३१ नंबर अंगावर घालून तो खेळला. इतकं करणाऱ्या घराला, संघ शिखरावर असताना, मोठ्या रकमेसाठी सोडायचं? दुसऱ्याच वर्षी स्मिथला हंगामाच्या मध्यात काढलं, मग परत घेतलं. क्लब त्यातून सावरलाच नाही. पुढचं विजेतेपद २०२१ मध्ये. ५७ वर्षं!

कार्लटनकर
स्मिथला काढलं ते मेलबर्नच्या कमिटीनं. त्याचं खापर बरासीवर कशाला? आणि क्लबनं सोडल्याशिवाय खेळाडूला जाताच येत नव्हतं, म्हणजे परवानगीही त्यांनीच दिली.

बरासी कार्लटनला आला नसता तर १९७० ची ग्रँड फायनल झाली नसती. एमसीजीवर १,२१,६९६ माणसं. हाफ टाइमला कॉलिंगवूड ४४ गुणांनी पुढे. बरासीनं पोरांना सांगितलं, हँडबॉल करा (म्हणजे लाथेऐवजी मुठीनं चेंडू मारून पास द्या), थांबू नका, पळत राहा. टेड हॉपकिन्सला बेंचवरून उठवून मैदानात उतरवलं, त्यानं चार गोल केले. कार्लटन दहा गुणांनी जिंकलं. आज फुटीचा जो वेग आपल्याला आवडतो, त्याची सुरुवात त्या दुपारी झाली.

मैदानप्रेमी
कार्लटनकर, सामन्याबद्दल १००% सहमत, श्रेयाबद्दल नाही. हँडबॉल हे हल्ल्याचं हत्यार आहे हे जिलाँगच्या पॉली फार्मरनं त्याआधी कित्येक वर्षं दाखवून दिलं होतं. नॉर्म स्मिथचा भाऊ लेन स्मिथ कोच म्हणून तेच शिकवत होता. बरासीचं मोठेपण वेगळं: ग्रँड फायनलमध्ये, ४४ गुणांनी मागे असताना, ते करून बघायची हिंमत. ती फार कमी कोचांकडे असते.

यारातीर
लाल-निळा, तो परत आला होता हे तुम्ही सोडून दिलंत. १९८१ ते १९८५ तो मेलबर्नचाच कोच होता.

लाल-निळा
सोडलं नाही. पहिल्या वर्षी अख्ख्या हंगामात एक विजय, पाच वर्षांत एकदाही फायनल्स, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, नाही. घर मोडल्यावर येऊन काय उपयोग?

यारातीर
त्याच पाच वर्षांत आयर्लंडहून गेलिक फुटबॉल खेळणारी मुलं आणायची कल्पना त्यानं लावून धरली. त्यातूनच जिम स्टाइन्स आला. १९९१ चं ब्राउनलो मेडल (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं), सलग २४४ सामने, आणि पुढे क्लब कर्जात बुडालेला असताना त्याचा अध्यक्ष. मेलबर्न क्लब आज उभा आहे त्यात स्टाइन्सचा वाटा किती, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

सिडनीकर
इकडचंही सांगते. १९९३ मध्ये हंगाम चालू असताना बरासी सिडनीच्या स्वान्स क्लबचा कोच झाला. संघ हरण्यातून बाहेरच येत नव्हता, रग्बीच्या या शहरात फुटीला कुणी विचारत नव्हतं. तेव्हा बरासीचं नाव होतं म्हणून वर्तमानपत्रांत जागा मिळाली. त्यानं १९९५ ला कोचपद सोडलं, १९९६ ला स्वान्स ग्रँड फायनलमध्ये होते. एका क्लबशी निष्ठा मोठी की अख्ख्या खेळाशी? माझं मत दुसऱ्या बाजूला.

लाल-निळा
स्टाइन्स मान्य, शंभर वेळा मान्य. सिडनीचंही मान्य. तरी १९६५ च्या स्मिथकडे बघा: घरी ठेवून वाढवलेला मुलगा समोरच्या संघाचा कोच, आणि त्याच वर्षी स्वतःच्या क्लबनं दिलेला नारळ. खेळाचं भलं झालं, पण त्याची किंमत बरासीनं नाही, स्मिथनं मोजली.