भरतनाट्यम नेमकं किती जुनं?

घुंगरू_०७
आरंगेत्रमच्या (पहिल्या जाहीर एकल नृत्यप्रयोगाच्या) पत्रिकेसाठी चार ओळी हव्यात. 'दोन हजार वर्षांची अखंड परंपरा' असं लिहिलं तर चालेल का? आणि तंजावरच्या मराठ्यांचा यात हात किती?

तिश्र
'अखंड' काढून टाका. नाट्यशास्त्र जुनं आहेच, पण त्यातली १०८ करणं (हातपाय मिळून होणाऱ्या नृत्यमुद्रा) म्हणजे आज वर्गात घोटून घेतात ते अडवू (मूळ पदन्यास) नव्हेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात वरच्या मजल्यावर ८१ करणं कोरलेली आहेत, पुढचे दगड कोरेच राहिले. त्याच देवळाच्या भिंतीवर राजराज चोळाने आणून वसवलेल्या ४०० नर्तकींची नोंद आहे, नावानिशी. देवळात नाच होता याला यापेक्षा भक्कम पुरावा कुठला? तो दिसत कसा होता, हे मात्र यादीवरून कळत नाही.

मोडीवाचक
मराठ्यांचा हात मोठा. अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा मार्गम, म्हणजे प्रयोगातल्या रचनांचा ठरलेला क्रम, बसवला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी. तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांच्या दरबारातली ही मंडळी. वडिवेलू पुढे त्रावणकोरला तिथले राजे स्वाती तिरुनाळ यांच्याकडे गेला.

क्रमात हिशोब आहे. अलारिप्पूत गोष्ट नाही, नुसते बोल. डोळे, मान, खांदे मोकळे होतात. जतिस्वरमला स्वर येतात, अभिनय येतो तो शब्दमपासून. वर्णम एकटंच अर्धा-पाऊण तास चालतं, त्यात जती (बोलांवरचे शुद्ध नृत्याचे तुकडे) आणि अभिनय आलटून पालटून. वेळ वाचवायला शब्दम गाळलं, की चेहरा तयार नसतानाच वर्णमचा अभिनय अंगावर येतो, आणि तो कोरडा पडतो.

शिवाय सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी लिहिलेलं मराठी 'कुमारसंभव निरूपण' आहे. मराठी पत्रिकेत ते यायलाच हवं!

सदिर
नाव तर कालपरवाचं. आधी सदिर किंवा दासीआट्टम म्हणत. 'भरतनाट्यम' रुळलं १९३०च्या दशकात, ई. कृष्ण अय्यर आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीने, रुक्मिणीदेवींची नृत्यसंस्था कलाक्षेत्र १९३६ची. ज्या घराण्यांनी ही विद्या सांभाळली, त्या देवदासींचा उल्लेख पत्रिकांतून हमखास गळतो. तेवढं टाळा.

घुंगरू_०७
मग असं लिहिते: 'देवदासींनी जपलेलं सदिर, सरफोजी राजांच्या काळात तंजावरला बांधलेला मार्गम, १९३०च्या दशकात रुळलेलं आजचं नाव.'

मोडीवाचक
'दुसरे सरफोजी' लिहा, १७९८ ते १८३२. पहिले १७२८ सालीच गेले.